कडू पाण्याकाठी मांडव



वायिक्रा ग्रंथाच्या २३ व्या अध्यायात परमेश्वराने आपणांस सात दिवस मांडवात राहण्याची आज्ञा केली आहे आणि तिचे कारणही तेथेच सांगितले आहे. मिसर देशातून बाहेर काढल्यावर इस्राएल लोकांना आपण मांडवात ठेवले होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे, असे ते कारण. पुष्कळशा मित्सवांची कारणे शोधण्यासाठी रब्बींना ग्रंथच्या ग्रंथ लिहावे लागले. येथे मात्र कारण आज्ञेच्या शेजारीच ठेवलेले आहे. जन्मभर हातात खडू धरल्यामुळे असेल, पण 'कळावे' या शब्दापाशी आम्ही दरवर्षी थांबतो. मांडवात बसल्याने मित्सवा पुरी होते हे खरेच. परंतु बसून उठल्यावर काही कळले की नाही, हा प्रश्न उरतोच.

आपल्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना कोकणातला सुक्का आठवत असेल. चार बांबू, वर नारळाच्या झावळ्या, खाली सारवलेली जमीन. परतीचा पाऊस हटकून एखाद्या संध्याकाळी यायचा आणि ताटात पाणी टपकायचे. पुढे मुंबईला मशिदीच्या अंगणात सगळ्यांचा मिळून एक सुक्का असे. येथे लॉस एंजेलिसला आपण घराच्या मागच्या पॅटिओत सुक्का बांधतो. त्यात विजेच्या माळा लावतो, खाली सतरंजी घालतो, आणि जरा गार वाटू लागले की दहा पावलांवर घर, फ्रिज आणि नळ असतोच. याला आम्ही नावे ठेवीत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाने गारठ्यात कुडकुडत बसावे असे तोरा सांगत नाही. उलट सुक्क्यात ज्याला त्रास होतो त्याला त्यातून सूट आहे. पण ज्याला काहीही त्रास होत नाही, त्याला रान म्हणजे काय ते कसे कळावे?

गेल्या सुक्कोथच्या होल हामोएदमध्ये आम्ही चौदा जण, त्यांत सहा मुले, सात मोठी माणसे आणि एक्याऐंशी वर्षांच्या एक आजी, मोनो सरोवराच्या काठी दोन रात्री राहून आलो. मुलांची दोन दिवस शाळा बुडाली. ती बुडवण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत आम्ही, शाळामास्तर, पहिले होतो. परत आल्यावर समाजात थोडी कुजबुज झाली. 'सण सोडून पिकनिकला गेले' असे कोणी म्हणाले. 'सिनेगॉगच्या आवारात एवढा सुक्का उभा असताना तो ओस ठेवून वाळवंटात कशाला?' असे दुसऱ्याने विचारले. प्रश्न रागाने विचारला असला तरी प्रश्न म्हणून तो चांगला आहे, आणि त्याचे उत्तर याच पानांतून द्यावे असे संपादकांनी सुचविले. म्हणून हे लिहीत आहोत.

आधी जागेविषयी. मोनो सरोवर कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, सिएरा नेवाडा पर्वताच्या पाठीशी आहे. लॉस एंजेलिसहून ३९५ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला सुमारे ३०० मैल. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६,३८० फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या जवळजवळ अडीचपट. पर्वतावरचा बर्फ वितळून ओढे सरोवरात येतात, पण सरोवरातून बाहेर जाणारा एकही ओहोळ नाही. पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतो. असे लाखो वर्षे चालले आहे. त्यामुळे ते पाणी समुद्राच्या अडीचपट खारट आहे, आणि त्यात सोडा इतका की बोटांना साबण लावल्यासारखे बुळबुळीत लागते. मासा त्यात जगत नाही. भोवती सेजब्रश नावाचे करड्या रंगाचे झुडूप, ज्वालामुखीतून पडलेली राख आणि हातात घेतला तर कागदासारखा हलका लागणारा दगड. मुलांनी तो पाण्यावर तरंगवून पाहिला.

सरोवराच्या आसपास सरकारी जंगलखात्याच्या जमिनीत काही ठिकाणी तंबू ठोकू देतात. नळ नाही, संडास नाही, बाक नाही, दिवा नाही. जे लागेल ते बरोबर न्यायचे आणि केरकचऱ्यासकट परत आणायचे. येथे त्याला प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात. मोशे रब्बेनूंच्या लोकांनी याला नुसते 'छावणी' म्हटले असते.

आता 'पिकनिक' या शब्दाविषयी. प्रवाशाला वाटेत सुक्क्यातून सूट आहे, हे तालमुदात आहे. पण मौजेसाठी घराबाहेर पडणाऱ्याला ही सूट लागू होत नाही, असे अनेक रब्बींचे मत आहे. आम्ही त्या सुटीच्या आधारे गेलो नव्हतो; सुक्का मोटारीच्या टपावर बांधून नेला होता. नायलॉनचा तंबू हा सुक्का नव्हे. सुक्क्याचे छप्पर, ज्याला सखाख म्हणतात, जमिनीतून उगवलेल्या आणि तोडून घेतलेल्या वस्तूचे हवे. त्यातून सावली उन्हापेक्षा जास्त पडावी, पण रात्री चांदण्या दिसाव्यात. सरोवराकाठची काडीसुद्धा तोडायची नव्हती, म्हणून झावळ्या येथून नेल्या. बांबू, झावळ्या आणि काथ्याचा दोर. अलिबागकडच्या एका काकांनी गाठी मारल्या. त्या गाठी मारायला आता समाजात तिघाचौघांनाच येतात, हे येथे जाता जाता नोंदवून ठेवतो.

सुक्क्याला आणखी एक अट आहे. जमिनीवरच्या नेहमीच्या वाऱ्यात तो टिकला पाहिजे. विलक्षण वादळात उडाला तर उडाला. पण रोजच्या वाऱ्यालाही टिकत नसेल तर तो सुक्काच नव्हे. आणि टिकतो म्हणून तो घर होता कामा नये. या दोन गोष्टींच्या मधली ती वस्तू आहे. तालमुदात गोष्ट आहे ती आपणांस ठाऊक असेल. रब्बान गमलिएल आणि रब्बी अकीवा जहाजातून चालले असताना अकीवाने जहाजावर सुक्का बांधला. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने तो उडवून नेला. गमलिएलने विचारले, अकीवा, तुझा सुक्का कुठे गेला? जहाजावर सुक्का चालतो की नाही, यावर दोघांचा आधीच वाद होता, म्हणून या प्रश्नात थोडा चिमटा आहे. आम्ही ही गोष्ट मुलांना सांगितली ती मोनोच्या काठी दुपारी वारा उठला तेव्हाच. दोन झावळ्या सुटून झुडपांत गेल्या होत्या आणि मुले त्यांच्यामागे धावत होती. बांबू हलले, पण गाठी सुटल्या नाहीत. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून जे वाचले त्यांच्या वंशजांना अकीवाची गोष्ट अधिक जवळची वाटावी. आपल्या पूर्वजांचे ग्रंथ समुद्राने नेले, शेमा तेवढा राहिला. तेवढी एक गाठ पक्की होती.

पहिल्या संध्याकाळी सर्वांत अवघड विषय निघाला तो संडासाचा. पोरे हसू लागली, आया संकोचल्या. तेव्हा आम्ही देवारीम ग्रंथाचा २३ वा अध्याय काढून वाचला. छावणीच्या बाहेर एक जागा ठरवावी, हत्यारांबरोबर खणण्याचे साधन बाळगावे, खड्डा खणावा आणि वर माती लोटावी. का? तर परमेश्वर तुमच्या छावणीत फिरतो, त्याला तेथे ओंगळ काही दिसू नये. हा भाग आमच्या लहानपणी गुरुजी घाईघाईने वाचून पुढे जात. जंगलखात्याचे नियमही हेच सांगतात: सहा ते आठ इंच खोल खणा, पाण्यापासून दोनशे फूट दूर. सरकारी नियमात परमेश्वराचे नाव नाही, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी एक अकरा वर्षांचा मुलगा फावडे खांद्यावर टाकून निघाला आणि म्हणाला, "तोरा पाळायला चाललोय." आम्ही त्याला रागावलो नाही. तोरा सिनेगॉगच्या कपाटात असते तितकीच फावड्याच्या पात्यातही असते, हे त्याला थट्टेत का होईना समजले.

मग पाणी. माणशी दिवसाला एक गॅलन, असा तिकडे राहणाऱ्यांचा हिशेब आहे. चौदा माणसे आणि तीन दिवस, म्हणजे ४२ गॅलन. आम्ही पन्नास नेले. पन्नास गॅलन पाण्याचे वजन चारशे पौंडांच्या वर जाते, हे कॅन उचलल्यावर कळले. एका बाजूला मैलोगणती पसरलेले पाणी चमकते आहे आणि आपण कॅनमधले पाणी भांड्याने मोजून घेतो आहोत. जेवणापूर्वी हात धुण्याचा प्रश्न आला. मिश्नामध्ये लढाईच्या छावणीला चार गोष्टींत सूट दिली आहे आणि हात धुणे ही त्यांतली एक. पण आम्ही लढाईवर गेलो नव्हतो, तेव्हा ती सूट घेतली नाही. शास्त्राला हवे तेवढेच, एक रेवीइथ पाणी, म्हणजे लहान पेलाभर, प्रत्येकाच्या हातांवर घातले. घरी नळ सोडून ठेवून आपण हीच बराखा म्हणतो. पण पेला हातात घेतल्यावर बराखा म्हणताना आवाज बदलतो. हे आम्ही पाहिले, आणि सहाही मुलांच्या बाबतीत पाहिले.

शेमोथ ग्रंथात आहे की समुद्र ओलांडल्यावर तीन दिवस लोकांना पाणी मिळाले नाही. मग ते मारा येथे आले आणि तेथले पाणी कडू निघाले. लोक कुरकुरले, परमेश्वराने मोशेला एक झाड दाखवले, ते पाण्यात टाकल्यावर पाणी गोड झाले. मोनोच्या काठी एका मुलीने साहजिकच विचारले, या पाण्यात कोणते झाड टाकायचे? आम्ही म्हटले, कोणतेही नाही. हे कडू आहे तसेच ठीक आहे.

यावर मोठ्या माणसांतच वाद झाला. प्यायला नाही, शेतीला नाही, मासा नाही. मग त्या पाण्याचा उपयोग काय? येथूनच आमच्या सांगण्याचा गाभा सुरू होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा प्रश्न फार जुना आहे आणि तो लॉस एंजेलिस शहराने विचारला होता. १९१३ साली शहराने ओवेन्स खोऱ्यातून २३३ मैलांचा कालवा आणला. पाणी आले त्या दिवशी मुख्य इंजिनिअर मुलहोलंड याने जमलेल्या लोकांना सांगितले की, हे आले, घ्या. त्या 'घ्या'मुळे ओवेन्स सरोवर काही वर्षांत आटले, आणि त्याच्या तळाची धूळ बसवण्यासाठी शहराला पुढे अब्जावधी डॉलर खर्चावे लागले. जाताना ३९५ वरून ते उजव्या हाताला पांढरे पडलेले दिसते. तेवढ्याने शहराची तहान भागली नाही. १९४१ पासून मोनोला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणीही वळवण्यात आले. त्यामागचा विचार सरळ होता: गोडे पाणी डोंगरातून उतरून खाऱ्या सरोवरात मिसळते, म्हणजे वाया जाते. त्यापेक्षा माणसांनी प्यालेले बरे.

'वाया जाते' हे शब्द लक्षात ठेवा.

चाळीस वर्षांत सरोवर ४५ फूट खाली गेले, पाणी निम्म्यावर आले, खारटपणा दुप्पट झाला. तेव्हा वाया काय जात होते ते दिसू लागले. या पाण्यात मासा नाही, पण बारीक कोळंबी अब्जावधींनी आहे, कोकणातल्या जवळ्यापेक्षाही लहान. (आपण कोकणात राहून कोळंबी न खाणारे लोक, पण पाखरांना काश्रुथ नाही.) काठावर क्षारात वाढणारी एक माशी आहे. तिच्या कोशांवर तेथले मूळ रहिवासी, कुत्झादिका पायुट लोक, पिढ्यान् पिढ्या पोसले गेले. कॅलिफोर्निया गल नावाचे समुद्रपक्षी हजारोंनी येथल्या बेटांवर अंडी घालतात. १९७९ साली पाणी इतके खाली गेले की नेगिट बेटापर्यंत कोरडी वाट तयार झाली. कोल्ह्यांच्या जातीतले कायोटी त्या वाटेने चालत गेले आणि घरटी ओस पडली.

काठावर चुनखडीचे उंच सुळके उभे आहेत. त्यांना टूफा म्हणतात. तळातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात, त्यांतला चुना सरोवराच्या सोड्याला मिळतो आणि सुळका वाढत जातो. हे सारे पाण्याखाली घडते. आज आपण त्यांच्यामध्ये फिरतो, फोटो काढतो आणि 'काय सुंदर' म्हणतो; ते दिसतात याचे कारण पाणी गेले आहे. १९४१ साली जेथपर्यंत पाणी होते, त्या रेषेच्या खाली मुक्काम करू देत नाहीत. त्यामुळे आमचे तंबू जुन्या काठावर होते आणि आजचे पाणी खाली, बरेच चालून जावे इतके लांब. मधली जमीन पांढरी आणि उघडी. सुक्क्यात बसले की समोर तीच दिसे.

आता आपल्या पूर्वजांकडे या. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. गावात इतर तेल्यांचा घाणा शनिवारी फिरे, आपला उभा असे. सातातला एक दिवस बैल मोकळा, घाणा कोरडा, घरात चूल नाही. शेजाऱ्यांना काय वाटत असेल? हेच की दिवस वाया जातो. वर्षाचे बावन्न दिवस वाया. कोणी हिशेबी मनुष्य येऊन म्हणाला असता की शनिवारीही घाणा चालवा, सहाव्या हिश्श्याने तेल जास्त निघेल, तर त्याचा हिशेब चूक नव्हता. आपल्या पूर्वजांकडे त्याला दाखवायला ग्रंथ नव्हता, रब्बी नव्हता. फक्त उभा घाणा होता. त्यांनी जे तेल काढले त्यातले आज काही उरलेले नाही. जे काढले नाही त्यामुळे आपण ओळखले गेलो. गावाने आपल्याला नाव दिले तेही त्या न काढलेल्या तेलावरूनच. सरोवरात सोडून दिलेले पाणी आम्हाला त्या घाण्यासारखे वाटते. तो पाण्याचा शब्बाथ आहे.

वायिक्राच्या २५ व्या अध्यायात, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आहे तेथेच, परमेश्वर म्हणतो की जमीन माझी आहे. तुम्ही माझ्याजवळ परके आणि उपरे म्हणून राहता. १९८३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोनोच्या खटल्यात निकाल दिला. न्यायाधीशांनी तोराचा आधार घेतला नव्हता. त्यांनी घेतला तो जुन्या रोमन कायद्यातून आलेल्या तत्त्वाचा. अशी सरोवरे ही सरकारकडे लोकांची ठेव आहे, आणि एकदा हक्क दिला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. हक्क आणि हानी पुन्हा पुन्हा तोलून पाहिली पाहिजेत. शहराचा हक्क त्यांनी रद्द केला नाही. तो मोजून वापरायला लावला. १९९४ साली पाण्याच्या मंडळाने सरोवराची पातळी ६,३९२ फुटांच्या आसपास यावी असे ठरवले. ती पातळी अजून गाठली गेलेली नाही.

ही लढाई कोणी सुरू केली? १९७० च्या दशकात पाखरे मोजायला गेलेल्या काही विद्यार्थ्यांनी. त्यांतला डेव्हिड गेन्स याने १९७८ साली मोनो लेक कमिटी काढली. १९८८ च्या जानेवारीत मोटार अपघातात तो वारला. १९९४ चा निर्णय त्याने पाहिला नाही. मोशेलाही डोंगरावरून देश नुसता दाखवण्यात आला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपण सुक्क्यात बसून शहराला दोष द्यावा हे सोपे आहे. पण त्या पन्नास गॅलनांचे कॅन आपण आपल्याच नळावर भरले होते. आपल्या नळाला अनेक ठिकाणचे पाणी एकत्र येते, त्यात सिएराच्या ओढ्यांचेही असते. कोणता थेंब कुठला ते सांगता येत नाही. आपली हिरवळ, आपले शॉवर, आपली धुतलेली मोटार यांचा मोनोशी संबंध आहे. आणि हा दोष केवळ अमेरिकेचा नाही. डिमोनाला आपली कितीतरी भावंडे राहतात. तेथून खाली उतरले की मृत समुद्र. तो आज दरवर्षी एक मीटरहून अधिक खाली जातो. यार्देनचे पाणी इस्राएलने वळवले, जॉर्डनने वळवले, सीरियाने वळवले. क्षार काढणाऱ्या कारखान्यांनीही आपला वाटा घेतला. प्रत्येकाला तहान होती आणि प्रत्येकाचे कारण खरे होते. तेही कडू पाणी आहे, त्यातही मासा नाही, आणि तेथेही पूर्वी कोणीतरी 'वाया जाते' असेच म्हटले असणार. पवित्र भूमी असल्याने तेथे पाण्याचा हिशेब वेगळा लागत नाही.

दुसऱ्या रात्री थंडी फार होती. सकाळी कॅनच्या तोंडाशी बर्फाचा पापुद्रा होता. चंद्र उशिरा उगवणार होता, म्हणून झावळ्यांमधून चांदण्या इतक्या दिसल्या की मुले बोलायची थांबली. आजींना आम्ही मोटारीत निजायला सांगितले होते. त्या दोन रजया घेऊन सुक्क्यातच बसल्या. रेवदंड्याचा जन्म, मुंबईचा संसार, मग बेरशेबा, मग मुलामागून येथे. त्या म्हणाल्या, "चार घरं सोडली. दर वेळी वाटलं, आता हेच शेवटचं." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मी गेल्यावर हे बांबू कोण बांधणार?" कोणी उत्तर दिले नाही. अलिबागकडच्या काकांनी सकाळी उठल्यावर थोरल्या दोन मुलांना बोलावून गाठ सोडून पुन्हा बांधायला लावली, चार वेळा.

सकाळी पाण्यावर काळे ठिपके पसरलेले होते. आपल्याकडच्या टिबुकलीच्या जातीतला पक्षी, ईअर्ड ग्रीब. शरद ऋतूत ते लाखोंनी येथे उतरतात आणि ती बारीक कोळंबी खाऊन वजन दुपटीहून वाढवतात. तोवर त्यांच्या उडण्याच्या स्नायूंची झीज होते. इच्छा झाली तरी उडता येत नाही. निघायची वेळ आली की खाणे कमी होते, पोटातली आतडी आखडतात, छातीचे स्नायू पुन्हा भरतात, आणि एके रात्री थवेच्या थवे दक्षिणेला जातात. जेथे भरपूर मिळते तेथे पंख जातात, हे पाहून आम्हाला आमच्याच पॅटिओची आठवण झाली. वीस-पंचवीस मैलांवर बोडी नावाचे गाव आहे. सोने सापडले तेव्हा, १८८० च्या सुमारास, तेथे हजारो लोक राहत. आज घरे उभी आहेत, खिडक्यांतून टेबलावरची भांडी दिसतात, माणूस एकही नाही. वेळ नसल्याने आम्ही तेथे गेलो नाही. मुले हिरमुसली.

निघताना सहाएक गॅलन पाणी उरले. एकाने ते मोटारीच्या काचा धुवायला घेतले. आजींनी कॅनवर हात ठेवला. बेथ हामिकदाशमध्ये सुक्कोथच्या दिवसांत शिलोआहच्या झऱ्याचे पाणी सोन्याच्या सुरईत भरून आणीत आणि वेदीवर ओतीत, हे आदल्या रात्रीच वाचून झाले होते. आम्ही त्याची नक्कल केली असे कोणी समजू नये. वेदी नाही, कोहेन नाही, आणि मित्सवा म्हणून आम्ही काही केले नाही. मोटार जेथवर जाते तेथवर आजींना नेले, तेथून त्या दोन मुलांच्या आधाराने काठीवर चालत पाण्यापर्यंत गेल्या आणि कॅन ओतला. "ज्याचं त्याला," एवढेच म्हणाल्या.

शेमिनी आसेरेथला आपण सिनेगॉगमध्ये पावसाची प्रार्थना म्हटली. कोकणात ही प्रार्थना लहानपणी आम्हाला चमत्कारिक वाटे. पाऊस नुकता संपलेला, भात कापणीला आलेले, आणि हझान पाऊस मागतो आहेत! वडील सांगत, हा पाऊस आपल्यासाठी नाही, एरेत्स इस्राएलसाठी आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर पडणारा पाऊस मागायला तेव्हा शिकलो. येथे कॅलिफोर्नियाचा पाऊस इस्राएलसारखाच हिवाळ्यात येतो, आणि जो बर्फ सिएरावर पडतो तोच उन्हाळ्यात मोनोत उतरतो. त्या दिवशी एरवी अंगणात पळणारी ती सहा मुले प्रार्थना संपेपर्यंत आत उभी होती. हझानांनी मान वर करून दोनदा पाहिले.

ज्यांनी ओस सुक्क्याचा प्रश्न विचारला त्यांच्यासाठी: सणाचे पहिले दोन दिवस आणि शब्बाथ आम्ही सर्व जण सिनेगॉगच्या सुक्क्यातच होतो, आणि यंदाही असू. होल हामोएदची मोनोची वारी यंदाही ठरत आहे. बांबू आणि काथ्याचा दोर सिनेगॉगच्या तळघरात, जिन्याच्या डाव्या हाताला ठेवला आहे. झावळ्या नव्या लागतील. गाठी शिकायच्या असतील त्यांनी रोश हाशानाच्या आधीच्या दोन रविवारी सकाळी यावे. फावडी आहेत. पाण्याचा कॅन प्रत्येकाने आपापला आणावा, आणि भरताना मोजून भरावा.